तब्येतीचा हिशेब वेगळा

आशाताईंच्या सत्काराला पाहुणा कुणीही येवो, दोन वाक्यं तो हमखास बोलतो. पहिलं, तुमचं काम म्हणजे पुण्याचं काम. दुसरं, दुसऱ्याचं भलं करणाऱ्याचं देव भलं करतो. टाळ्या होतात, शाल-नारळ होतो, आणि आम्ही मोबदल्याची चौकशी न करताच घरी येतो.

पुण्याचं मला ठाऊक नाही. पण दुसऱ्याच्या उपयोगी पडल्यानं आपली स्वतःची तब्येत सुधारते का, असं कुणी विचारलं तर इतक्या वर्षांच्या कामानंतर मी उत्तर देऊ शकते. सुधारते. मात्र त्याला काही अटी आहेत, आणि त्या अटी सत्काराच्या भाषणात कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस. बाहेरगावच्या लोकांना पाथरी म्हटलं की साईबाबांचं जन्मस्थान आठवतं. जानेवारी २०२० मध्ये त्यावरून शिर्डीकरांनी बंद पुकारला, तेव्हा आमच्या तालुक्याचं नाव दिवसभर टीव्हीवर होतं. आम्हाला मात्र पाथरी म्हणजे तहसील, बाजार, एसटी स्टँड आणि ग्रामीण रुग्णालय. गावातून निघालेली बाळंतीण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथं जमलं नाही तर पाथरीला आणि तिथंही अडलं तर परभणीला. या रस्त्यावर रात्री-बेरात्री तिच्या शेजारी जी बसलेली असते, ती आशा.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं आणि हजार लोकसंख्येमागं एक आशा, असं ठरलं. गावातलीच, लग्न झालेली, थोडी शिकलेली बाई. मी दहावी पास होते, एवढंच माझं भांडवल. त्या आधीची माझी वर्षं घर आणि शेत यांत गेलेली. डोकं सारखं दुखायचं. छातीत धडधड व्हायची. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली. नवरा मेडिकलमधून गोळ्या आणून द्यायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही, टेन्शन घेऊ नका. टेन्शन कशाचं, हे मलाही सांगता आलं नसतं. दिवसभरात बोलायला माणूस नव्हतं आणि विचार करायला स्वतःच्या दुखण्याशिवाय विषय नव्हता, हे आज कळतं.

काम सुरू झालं आणि पहिला बदल पायांत झाला. वस्तीवरचं घर, मळ्यातलं घर, ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाची पालं, असं रोज चालणं सुरू झालं. दुसरा बदल झोपेत झाला. तिसरा फार उशिरा ध्यानात आला. कुणीतरी विचारलं, डोकं आता कसं आहे, आणि मला आठवावं लागलं की ते शेवटचं कधी दुखलं होतं. यात चमत्कार काही नाही. चालणं वाढलं, ऊन अंगावर पडलं, चार घरचा चहा आणि चार घरचं बोलणं मिळालं. स्वतःच्या दुखण्याकडं टक लावून बघायला वेळ उरला नाही.

पण एक गोष्ट नुसत्या चालण्यानं मिळत नाही. ती मला नवजात बाळांच्या घरभेटीत मिळाली.

दवाखान्यात बाळंतपण झालेलं असलं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जाऊन बाळ बघायचं असतं. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतून खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्यानं बालमृत्यू कमी होतात, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढं ती पद्धत देशभरच्या आशांच्या हातात आली. हात धुवायचे, काट्याच्या झोळीत बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, बेंबी बघायची, अंगावर पितंय का ते बघायचं. आणि श्वास मोजायचे.

श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट. बाळ शांत हवं. रडत असेल तर थांबायचं. अंगावरचं दुपटं बाजूला करायचं आणि पोटाकडं बघत राहायचं. पोट वर आलं, खाली गेलं की एक. दुसऱ्या हातात घड्याळ. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. भरभर चालतो, मध्येच थांबल्यासारखा होतो, पुन्हा सुरू होतो. म्हणून तीस सेकंद मोजून दुप्पट करून भागत नाही. त्या मिनिटात खोलीतली आजी गप्प होते, टीव्ही बंद होतो, आई माझ्या तोंडाकडं बघत असते. माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरं काहीही नसतं. घरचं भांडण नाही, बँकेचा हप्ता नाही, रजिस्टर पूर्ण करायचं राहिलंय तेही नाही. मिनिट संपलं की माझा स्वतःचा श्वास संथ झालेला असतो. योगशिबिरात मला डोळे मिटून कधी जमलं नाही ते दुसऱ्याच्या लेकराकडं डोळे उघडे ठेवून जमलं.

प्रशिक्षणात आम्हाला जामखेडची गोष्ट सांगितली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित समाजातल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बालमृत्यू कमी झाले, ही त्या कामाची सगळीकडं सांगितली जाणारी बाजू. मला भावली ती दुसरी. ज्या बाईला गावात कुणी विचारत नव्हतं, तिच्या दारात लोक सल्ला विचारायला यायला लागले, आणि त्यानं ती बाई बदलली. आमच्याही बैठकीत हे दिसतं. पहिल्या दिवशी पदराआड बोलणारी आशा दोन वर्षांत तालुक्याच्या बैठकीत उभी राहून डॉक्टरांना प्रश्न विचारते. मीही याच नोकरीच्या बळावर मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे माणसाला रोज दिसत राहिलं की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

आणखी एक फायदा अगदी रोखठोक आहे. दुसऱ्यांना सांगत फिरताना ज्ञान आपल्याही घरात शिरतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरायचे आणि बीपी-शुगर तपासायला उपकेंद्रात आणायचं, असं काम आमच्याकडं आलं. मी म्हाताऱ्यांची समजूत घालून त्यांना आणत होते. अशाच एका दिवशी गर्दी ओसरल्यावर सिस्टरनं माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा दीडशेच्या पुढं. मला काही होत नव्हतं, आणि बीपीत बहुतेकांना काही होत नसतंच, हे वाक्य मी स्वतः सकाळपासून लोकांना ऐकवत होते. त्या दिवसापासून रोज एक गोळी आणि ताटातलं लोणचं-पापड कमी. हे काम नसतं तर तो आकडा मला कदाचित फार उशिरा, आणि फार वाईट रीतीनं कळला असता.

पाथरीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची गोष्ट या बाबतीत माझ्यापेक्षा बोलकी आहे. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांची शुगर वाढली, झोप गेली, चिडचिड वाढली. काकू माझ्या ओळखीच्या. म्हणाल्या, “ताई, ह्यांना कुठं तरी कामाला लावा, घरात बसून माझं डोकं खायलेत.” सप्टेंबर २०२२ मध्ये क्षयरोगाच्या रुग्णांसाठी निक्षय मित्र योजना सुरू झाली होती. ज्याला जमेल त्यानं एखाद्या रुग्णाला सहा महिने पोषण आहार पुरवायचा, अशी ती योजना. गुरुजींनी पैसे देऊन मोकळं व्हायची तयारी दाखवली. मी म्हटलं, पैसे तर द्याच, पण रुग्णाची हरकत नसेल तर आठवड्यातून दोनदा त्याच्या घरी जाऊन या. रुग्ण म्हणजे गवंडीकाम करणारा तरुण. खोकल्यानं आणि लोकांच्या नजरेनं खचलेला. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो, सगळी गोम तिथं आहे.

गुरुजी शेंगदाणे, डाळ, अंडी घेऊन पायी जायला लागले. गोळ्यांचं पाकीट उघडून बघायचे, शाळेत वह्या तपासायचे तसंच. एकदा त्या पोरानं विचारलं, “गुरुजी, तुमी सोताच्या गोळ्या घेता का टायमावर?” गुरुजींनी मला हे हसत हसत सांगितलं, पण त्या दिवसापासून त्यांनी शुगरची गोळी चुकवली नाही. ज्याला आपण रोज शिस्त सांगतो, त्याच्यासमोर बेशिस्त होता येत नाही. पोराचा कोर्स पूर्ण झाला, तो पुन्हा कामावर गेला. गुरुजींची शुगर उतरली. त्यात गोळीचा वाटा किती, चालण्याचा किती आणि त्या पोराचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. काकूंच्या मते पोराचा जास्त.

हे नुसते आमच्या तालुक्याचे अनुभव नाहीत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ४२३ वृद्ध जोडप्यांची पाच वर्षं पाहणी केली. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जी माणसं मित्र, नातेवाईक, शेजारी यांना कामात मदत करत होती किंवा जोडीदाराला मानसिक आधार देत होती, त्यांचं त्या काळात मरण्याचं प्रमाण कमी होतं. नुसती मदत घेणाऱ्यांत असा फायदा दिसला नाही. तब्येत धडधाकट असलेली माणसंच मदत करू शकतात, हा आक्षेप त्यांनी जमेस धरला होता, तरीही फरक उरला. २०१२ मधला दुसरा एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या वयस्क स्वयंसेवकांना विचारलं गेलं, तुम्ही हे का करता? लोकांसाठी करतो म्हणणारे जास्त जगले. स्वतःच्या फायद्यासाठी करतो म्हणणाऱ्यांना स्वयंसेवा न करणाऱ्यांपेक्षा जास्त आयुष्य लाभलं नाही. म्हणजे हा लेख वाचून कुणी बीपी उतरवण्यासाठी म्हणून समाजसेवेला निघाला तर बीपी उतरेलच, याची खात्री नाही.

आता अटींकडं येते.

माझ्या फेरीत एक घर आहे. सासूला लकवा होऊन बरीच वर्षं झाली. सून तिचं सगळं करते. अंघोळ, हगणं-मुतणं, कूस बदलणं, भरवणं. तिला सुट्टी नाही, माहेर नाही, नणंदा फोनवरून सल्ले देतात. सासूच्या पाठीला आजवर एक जखम नाही, एवढी तिची निगा. पण सुनेच्या पायाला खुरपं लागलं आणि ती जखम महिना उलटला तरी भरेना. शुगर तपासली, नव्हती. ‘दुसऱ्याचं केलं की आपलं भलं होतं’ हे त्या बाईला सांगायला माझी जीभ रेटली नाही. पुढं एका अभ्यासाची माहिती वाचनात आली. ओहायोच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या, दोन्ही गटांत सारखीच छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजी घेणाऱ्या बायकांच्या जखमा भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा अभ्यास १९९५ चा. माझ्या डोळ्यांसमोर तो पाय आला.

मग गुरुजी आणि ही सून यांच्यात फरक काय? गुरुजींनी काम स्वतः निवडलं, त्याला सुरुवात आणि शेवट होता, आणि घरी परतून ते झोपू शकत होते. सुनेला यातलं काहीच नाही. गुरुजींच्या वाट्याला कौतुक आलं, सुनेच्या वाट्याला ‘ते तर तिचं कर्तव्यच’. मदत करणाऱ्याला मदत मिळाली नाही तर ती मदत त्यालाच खाते.

आम्ही आशा या दोन टोकांच्या मध्ये कुठं तरी असतो. कोरोनाच्या वर्षी हे फार जवळून कळलं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार फिरायचं. ज्या घरांत आम्हाला लेकीसारखा चहा मिळायचा, तिथली दारं अर्धीच उघडायला लागली. घरी आल्यावर लेकरांना जवळ घेता येत नव्हतं. लोकांच्या उपयोगी तर आम्ही पूर्वीपेक्षा जास्तच पडत होतो, पण माझी झोप त्याच वर्षी पुन्हा गेली. त्या काळात आम्हा पाच-सहा जणींचा रात्रीचा फोन ठरलेला असायचा. त्यात सल्ले नसायचे. आज कोण काय बोललं, कुठं रडू आलं, एवढंच. मला त्या फोननं तारलं.

दुसरी वेळ २०२४ ची. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं. त्याच सुमारास तीस वर्षांवरच्यांचे ते फॉर्म भरणं चालू होतं. त्या फॉर्मच्या शेवटी मनाचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? मन उदास, निराश वाटतं का? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळपास रोज? एक मामा ओट्यावर बसून होते. म्हणाले, “ताई, झोप लागंना गेलीय. शेताकडं जाऊच वाटंना.” मी त्यांच्यापुढं खूण केली, त्यांना उपकेंद्रातल्या डॉक्टरांकडं पाठवायचं नक्की केलं, आणि ध्यानात आलं की हाच प्रश्न मला कुणी विचारला तर माझंही उत्तर फार वेगळं नाही. आमचंही शेत पाण्यातच होतं. त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानसचा हा नंबर मी गावभर वाटत होते. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी मामांना नंबर देताना मी म्हणू शकले, “मामा, मी सोता बोललेय त्या नंबरवर. चांगलं बोलतेत.” ते वाक्य ऐकून त्यांनी फोन केला.

लोकांचं करण्यानं आपण लोखंडाचे होत नाही. मदत करणाऱ्यालाही कधी ओट्यावर बसून उत्तर द्यावं लागतं.

आणि पैशाचं बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आमच्या पदात ‘स्वयंसेविका’ हा शब्द आहे आणि त्याच शब्दाच्या आडोशानं आम्हाला पगार नाही, मोबदला आहे. एका बाळाच्या सगळ्या घरभेटी पूर्ण केल्या की अडीचशे रुपये, असा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्यानंतरही वाढीसाठी महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. तेव्हा कुठं २०२४ मध्ये महिना पाच हजारांची वाढ पदरात पडली. मोर्च्याला जाताना मला एकानं विचारलं, “सेवा म्हणता न् पैसेबी मागता?” मी म्हटलं, डॉक्टरांनाही रुग्ण बरा झाला की समाधान मिळतं, म्हणून कुणी त्यांचा पगार कापतं का? मला मिळालेली झोप, ताठ पाठ, वेळेवर कळलेलं बीपी हे माझं आहे. ते मोबदल्यातून वजा करायचा अधिकार कुणाला नाही. उलट घरखर्चाची चिंता असलेल्या बाईला त्या समाधानातलं निम्मंच लाभतं.

नवी आशा कामावर आली की मी तिला तीन गोष्टी सांगते. रात्री फोन येणारच, पण जेवण झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. जिच्यापाशी रडता येईल अशी एक तरी मैत्रीण याच कामातली ठेवायची. आणि स्वतःचं बीपी महिन्याला बघायचं.

जे आशा नाहीत त्यांनी एवढं मोठं काही अंगावर घेऊ नये. मुलं पुण्या-मुंबईला गेलेली, दिवस मोठा झालेला, गुडघ्यांपेक्षा मनच जास्त कुरकुरणारं, अशी माणसं आता प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांनी आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून द्यावी. माझ्या फेरीतल्या त्या सुनेसाठी मी हेच जमवलं. शेजारच्या दोन बायका पाळीपाळीनं सासूजवळ बसतात, ती तेवढ्यात नुसती झोपते. पायाची जखम भरली. बसणाऱ्या दोघींपैकी एक विधवा आहे. दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. ती आता मला रस्त्यात थांबवून सासूची हकिकत सांगते.

तेही जमत नसेल तर सकाळी ग्रामीण रुग्णालयात यावं. केसपेपर हातात धरून कुठल्या खोलीत जायचं ते न कळणारी चार माणसं तिथं रोज असतात. त्यांना खोली दाखवायला शिक्षण लागत नाही. तासभर वेळ असला आणि पाय चालते असले की झालं.